वॉर्डातल्या माणसांचे आभार

वार (प्लॅसेंटा) गर्भाशयात खालच्या बाजूला आणि त्यात रक्तस्राव, त्यामुळे सातव्या महिन्यातच हिला, म्हणजे माझ्या बायकोला, पुण्यात अ‍ॅडमिट करावं लागलं. बेडरेस्ट. बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषांना थांबू देत नाहीत (बरोबरच आहे म्हणा), म्हणून मी खाली पॅसेजमध्ये चटई टाकायचो.

रात्रपाळीच्या आयामावशी, बेडपॅन देताना तुम्ही कधी कपाळाला आठी घातली नाहीत. उलट हिला डाव्या कुशीवर वळवून, पडल्या पडल्या केसांचा गुंता सोडवून दोन वेण्या घालून दिल्यात. ते काही तुमच्या ड्युटीत नव्हतं.

शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीच्या सासूबाई, साताऱ्याकडच्या. सुनेच्या डब्यातलं अर्धं हिला. "आमची एक खाते तिथं दोन खातील," म्हणायच्या.

आणि ओ निगेटिव्हवाली ती दोन पोरं! रक्त देऊन चहासुद्धा न घेता गेली. नावं विचारायचंही सुचलं नाही.

बाळाच्या फुफ्फुसांसाठीची स्टेरॉईडची इंजेक्शनं आधीच झाली होती. 34व्या आठवड्यात सिझेरियन झालं, मुलगी. थोडे दिवस काचपेटीत होती, आता घरी आहे आणि रात्रभर जागवते.

मावशी, तुमची फणी आमच्या पिशवीत आलीय. रविवारी आणून देतो, पेढ्यांसकट.