कैद्याला फीची माफी नव्हे, फीची उधारी

संपादक महोदय,

न्यायालयांत खटले तुंबल्याची चर्चा निघाली की दावा लावणाऱ्याच्या खिशाला थोडी झळ बसू द्या, फालतू दावे आपोआप थांबतील, असा उपाय हमखास सुचवला जातो आणि त्यासाठी अमेरिकेने 1996 मध्ये कैद्यांच्या दिवाणी दाव्यांबाबत केलेल्या कायद्याचा दाखला दिला जातो. मी दिवाणी न्यायालयात अनेक वर्षे वकिली केली असल्याने या कायद्यातील फीची कलमे मुद्दाम वाचली. ती वाचून जे वाटले ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे, यासाठी हे पत्र.

अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयांत निर्धन माणसाला आधी फी न भरता दावा दाखल करण्याची सोय 1892 पासून आहे. तुरुंगाबाहेरच्या गरीब माणसाने आपल्या परिस्थितीचे प्रतिज्ञापत्र दिले आणि न्यायाधीशांनी ते मान्य केले की त्याला ही सवलत मिळते; हप्त्यांचा तगादा त्याच्यामागे लागत नाही. एप्रिल 1996 मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीने झालेल्या कायद्याने कैद्यापुरता या सवलतीचा अर्थ पालटला. कैद्याचा अर्ज मंजूर झाला तरी त्याला फी माफ होत नाही, ती हप्त्यांनी फेडण्याची मुभा तेवढी मिळते.

हे हप्ते कसे पडतात ते पाहण्यासारखे आहे. दाव्याची फी 350 डॉलर आहे. अर्जासोबत तुरुंगातील खात्याचा मागील 6 महिन्यांचा प्रमाणित उतारा जोडावा लागतो. त्या काळातील दरमहा सरासरी जमा आणि सरासरी शिल्लक यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिचे 20 टक्के पहिला हप्ता म्हणून घेतले जातात आणि त्यानंतर खात्यात 10 डॉलरपेक्षा जास्त पैसे असतील तेव्हा आदल्या महिन्याच्या जमेचे 20 टक्के, असे संपूर्ण फी फिटेपर्यंत चालते. या जमेत आईने किंवा बायकोने पाठवलेले पैसेही धरले जातात. समजा, एखाद्याच्या खात्यात महिन्याला 40 डॉलर जमा होतात. त्यातून 8 डॉलर फीपोटी वळते झाले तर ती फिटायला 44 महिने लागतील. केंद्रीय तुरुंगांत नेहमीच्या कामाला तासाला 12 ते 40 सेंट मजुरी मिळते. 12 सेंटच्या दराने 350 डॉलर म्हणजे 2,900 तासांहून अधिक काम. टेक्साससारख्या राज्यात तर बहुतेक कैद्यांना कामाचा मोबदलाच मिळत नाही. खात्यात काहीच नसेल तर केवळ त्या कारणाने दावा अडवता येणार नाही, असे कायदा स्पष्ट सांगतो, आणि ही तरतूद चांगलीच आहे. परंतु फी तरीही नावे पडलेलीच राहते, आणि प्राथमिक छाननीत दावा निकालात निघाला, प्रतिवादीला समन्ससुद्धा गेले नाही, तरी ती फेडावीच लागते.

कायद्याच्या समर्थकांची तक्रार निराधार होती असे मी म्हणणार नाही. निरर्थक दावे येत होते आणि त्यांत न्यायाधीशांचा वेळ जात होता. मात्र जी उदाहरणे देऊन हा कायदा पुढे रेटला गेला त्यांतले एक तपासून पाहावे. सिनेटर बॉब डोल यांनी 1995 मध्ये सिनेटमध्ये सांगितले की मऊ पीनट बटरऐवजी दाणेदार मिळाले म्हणून कैदी दावे लावतात. या दाव्याची कागदपत्रे दुसऱ्या सर्किटच्या (म्हणजे केंद्रीय न्यायालयांच्या एका विभागाच्या) अपील न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायाधीश जॉन न्यूमन यांनी स्वतः पाहिली आणि त्याबद्दल 1996 मध्ये लिहिले. कैद्याने तुरुंगाच्या कॅन्टीनमधून पैसे देऊन मागवलेल्या बरण्यांपैकी एक चुकीची आली, ती त्याने परत केली, बदलून मिळण्याआधीच त्याला दुसऱ्या तुरुंगात हलवण्यात आले आणि 2.50 डॉलर त्याच्या खात्यातून गेले ते गेलेच. तक्रार चवीची नव्हती, पैसे कापून घेतल्याची होती. अडीच डॉलर ही रक्कम आपल्याला क्षुल्लक वाटेल, पण तासाला 12 सेंट मिळवणाऱ्याची ती वीस तासांहून अधिक कष्टांची कमाई असते.

दुसरे उदाहरण मला याहून महत्त्वाचे वाटते. 9 नोव्हेंबर 1973 रोजी टेक्सासच्या तुरुंगात ट्रकमधून माल उतरवताना गॅम्बल नावाच्या कैद्यावर कापसाची गाठ पडली आणि त्याची पाठ जायबंदी झाली. उपचारांत हयगय होते आहे, अशी तक्रार त्याने स्वहस्ते लिहून केंद्रीय न्यायालयात दाखल केली. दाद मागण्याजोगे कारण दिसत नाही, असे म्हणून पहिल्या न्यायालयाने दावा फेटाळला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तिथे डॉक्टरांविरुद्धची त्याची तक्रार टिकली नाही हे खरे, परंतु कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे हा घटनेने निषिद्ध मानलेल्या क्रूर शिक्षेचा प्रकार आहे, हे तत्त्व 1976 च्या याच निकालाने प्रस्थापित केले. तुरुंगातील उपचारांबाबतचे दावे आजही त्याच निकालाच्या आधारावर चालतात. तोच कागद आज दाखल झाला असता तर गॅम्बलच्या नावे 350 डॉलरचे देणे चढले असते आणि पहिल्या न्यायालयाच्या आदेशाबरोबर त्याच्याविरुद्ध एक ठपका लागला असता.

ठपक्याची ही तरतूद फीपेक्षाही कडक आहे. निरर्थक, खोडसाळ किंवा दाद मागण्याचे कारण न दाखवणारा म्हणून तीनदा दावा अथवा अपील फेटाळले गेले, म्हणजे असे तीन ठपके पडले, की हप्त्यांची सवलत संपते आणि पुढच्या प्रत्येक दाव्याची पूर्ण फी आगाऊ भरावी लागते. गंभीर शारीरिक इजेचा धोका समोर उभा असेल तरच अपवाद. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की फेटाळणीविरुद्ध अपील प्रलंबित असतानाही ठपका मोजला जाईल. पुढे 2020 मध्ये असेही ठरले की पुन्हा दावा करण्याची मुभा ठेवून फेटाळला असला तरी तो ठपकाच. वकिलाशिवाय, तुरुंगात मिळेल त्या पुस्तकाच्या आधारे दावा लिहिणाऱ्या माणसाकडून मसुद्यात चूक होणारच. वकिलांकडूनही ती होते, आणि आम्ही दुरुस्तीचा अर्ज देऊन मोकळे होतो.

2016 च्या आणखी एका निकालाने प्रत्येक दाव्यासाठी स्वतंत्र 20 टक्के कापण्यास मान्यता दिली. याचा अर्थ पाच दाव्यांची फी बाकी असेल तर महिन्याची सगळी जमा फीतच जाऊ शकते. खात्यातले शेवटचे 10 डॉलर तेवढे वाचतात. साबण, टपाल तिकिटे आणि घरी करायचा फोन हे सर्व त्या 10 डॉलरमध्ये बसवायचे.

निरर्थक दावा उंबरठ्यावरच अडवण्यासाठी न्यायाधीशांनी तो आधी तपासावा, हे याच कायद्यात वेगळे सांगितलेले आहे. तेवढी गाळणी पुरेशी आहे, कारण ती दाव्यातला मजकूर पाहते. फीचा हप्ता दावेदाराची ऐपत तेवढी पाहतो. म्हणून अमेरिकी काँग्रेसने किमान तीन दुरुस्त्या कराव्यात असे मला वाटते. दावे कितीही असोत, एकूण कपात महिन्याच्या जमेच्या 20 टक्क्यांवर जाऊ नये. पुन्हा दावा करण्याची मुभा ठेवून फेटाळलेला दावा ठपक्यात मोजू नये. आणि जो दावा प्राथमिक छाननीत टिकला व ज्यावर प्रतिवादीला उत्तर देण्याचा आदेश झाला, त्याची उरलेली फी तुरुंगाबाहेरच्या निर्धन वादीप्रमाणेच माफ व्हावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त वकील