झेंड्याचा फोटो छापला, हिशोबाचं काय?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या सोमवारी तुमच्या पेपरात मदत मॅरेथॉनचा मोठा फोटो होता, बारा-पंधरा जण हिरवा झेंडा धरून उभे आणि धावणारे पोट्टे मागं कुठंतरी पुसट. फी ३०० रुपये, जमलेली रक्कम गरजू शेतकरी कुटुंबांना देणार असं खाली लिहिलं होतं. आमच्या गावचे सात पोट्टे गेले होते त्यात. पोलीस भरतीचे आहेत, रोज पहाटे डांबरी रोडवर १६०० मीटरची प्रॅक्टिस करतात, घरून भांडून पैसे नेले त्यांनी. परवा त्यातला एक मला म्हणे, काका, आपल्या तीनशेतले त्या कुटुंबाले किती गेले असतीन? मी काय सांगणार, टीशर्ट झाला, मेडल झालं, मंडप डीजे झाला, पाहुण्यांच्या शाली-नारळं झाले, त्यातून उरलं तर गेलं असेल. (आणि ती दौड होती ५ किलोमीटरची. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५, पण ते जाऊ द्या.)

खरी गडबड इथंच आहे, फी म्हणजेच दान असं आपल्याकडं सगळे धरून चालतात. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, तिथं फी वेगळी आणि देणगी वेगळी. फी धावायच्या सोयीसाठी, आणि ज्याला मदत गोळा करायची तो आधी एखादी संस्था निवडतो, मग ओळखीच्या लोकांना म्हणतो मी एवढं धावणार तुम्ही त्या संस्थेला द्या, आणि पैसा जातो संस्थेच्या खात्यात, धावणाऱ्याच्या खिशात येत नाही.

आता आमचं सांगतो. दर्यापूर तालुक्यातलं खारपाणपट्ट्यातलं गाव आमचं, हिरीचं पाणी तोंडात धरवत नाही असं. गावात किडनीचे तीन पेशंट, आठवड्यातून दोनदा अमरावतीला डायलिसिस. डायलिसिस सरकारी योजनेत फुकट होते हो, पण जाणं-येणं? सुया टोचून चार तास पडून राहिलेला माणूस एसटीत उभा राहून कसा येईल, आणि इको गाडीवाला एका फेरीचे १२०० घेते. म्हणून जानेवारीत मी ठरवलं की गाव ते तालुका साडेदहा किलोमीटर, जाऊन येऊन २१, म्हणजे हाफ मॅरेथॉनच झाली, ते धावायचं आणि लोकांनी किलोमीटरमागं जमेल ते द्यायचं. वय ४३, पोट तुम्ही पाहिलं नाही ते बरं.

घरोघरी गेलो तर पहिला प्रश्न एकच. शेजारची आजी म्हणे, "धावल्यानं पैसे कोन देते रे बाप्पा? अन् तुले तिकडं एवढं अर्जंट काम काय आहे?" समजावून सांगितलं तर पदराची गाठ सोडून वीसची नोट काढली, चार घड्या घातलेली, ओलसर, म्हणे धावू नको, तसेच घे. मी म्हटलं नाही आजी, धावल्यावरच घेईन. धावायच्या दिवशी परतताना अठराव्या किलोमीटरला पोटऱ्या दगड झाल्या होत्या आणि डोक्यात फक्त ती वीसची नोट होती. भरतीचे पोट्टे बाजूनं मोटरसायकलवर लिंबूसाखरेचं पाणी घेऊन, "काका, हाफ नाही फुल वाटून रायलं तुमच्याकडं पाहून" असं म्हणत. पोहोचलो दोन तास बावन्न मिनिटांत.

पैसे मागायच्या आधी तालुक्याच्या एका वकिलाला विचारलं होतं, त्यांनी सांगितलं की अशी वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाला कलम ४१ क खाली कळवावं लागते, गणपती मंडळं घेतात तीच परवानगी. घेतली. पुण्याच्या भाच्यानं ८० जी ची, म्हणजे आयकरात सूट मिळायची, पावती मागितली, त्याला म्हटलं ते नोंदणी झालेल्या संस्थेला दिलं तर, इथं तीन माणसं आहेत संस्था नाही, देतो तर तसाच दे. दिले बिचाऱ्यानं, दोन हजार.

जमले ३८,४६०. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूनं नावासकट लिहिले, दहा रुपयेवाल्याचंही नाव, आणि गाडीची फेरी झाली की त्याच्या खाली तारीख. पाण्याचा, पेट्रोलचा खर्च पोट्ट्यांनी अन् मी खिशातून केला, तोही लिहिला. फळा पाहायला लोक थांबत, कोणी म्हणे माझे पन्नास होते तीस कसे लिहिले, मग तिथंच दुरुस्ती. भांडणं झाली, पण तोंडावर झाली.

तर साहेब, तुम्हाला एवढीच विनंती, मोठ्या दौडीचा फोटो छापता तो छापा, पण महिनाभरानं त्याच आयोजकाला तुमच्या वार्ताहरानं फोन करून विचारावं, फी किती जमली, खर्च किती, कोणाला किती दिले. चार ओळी पुरतात, पहिल्या पानावर नको, आतल्या पानावर चालेल. आणि दिला नाही हिशोब तर 'दिला नाही' एवढंच छापा.

आमच्या फळ्यावर ३२ फेऱ्या लिहून झाल्या, मे महिन्यात पैसे संपले, शिल्लक ६० रुपये. त्याच्या खाली आणखी एक ओळ आहे, येणे बाकी २,१००. चौकातल्या एका गड्यानं किलोमीटरला शंभर बोलले होते, हा पाचच्या पुढं जात नाही म्हणून, आणि तेव्हापासून तो ग्रामपंचायतीसमोरून न जाता मारुतीच्या देवळामागून जातो. नाव लिहिलं नाही आम्ही. गरजच पडली नाही.

आपला वाचक,
एक कास्तकार, ता. दर्यापूर, जि. अमरावती