सड्यावर जातेस तर

प्रिय बाय,

गमबूट पडवीतच राहिले तुझे. सड्यावरचं गवत मोजायला निघालीस, कॅमेरा, लेन्स, त्या प्लास्टिकच्या डब्या, सगळं मोजून भरलंस आणि बूट तेवढे राहिले. राजूकडे दिलेत, तो शुक्रवारी राजापूरला येतोय, स्टँडवर जाऊन घे. तोपर्यंत त्या कापडी बुटांवर सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या पठारावर, पाऊल टाकू नकोस. एवढंच लिहायला बसले होते, बाकी काही बोलणार नव्हते, निघताना आपलं वाजलं तेवढं पुरे झालं.

रोज फोन कर म्हटलं तर तू म्हणालीस मी काय लहान आहे का. नाहीस गं. पण मी नोकरी केली ती अशा दवाखान्यात, जिथे दसरा झाला आणि गवत काढायला सुरुवात झाली की फुरसं, तो विषारी साप, चावल्याच्या केसेस चालू. हाताला नाहीतर पायाच्या अंगठ्याला. फुरसं ते केवढंसं, दीड-दोन वीत, रंगाने जांभ्या दगडातच मिसळून जाणारं, दगडाखाली वेटोळं करून बसलेलं. अंगावर अंग घासून करकर आवाज करतं म्हणून कळतं तरी, पण पावसात तो आवाज तुला काय ऐकू येणार.

चावल्यावर बाई स्वतः चालत येते, बोलते, वाटतं काही विशेष नाही. मग काचेच्या नळीत रक्त घ्यायचं आणि २० मिनिटं त्या नळीला हात लावायचा नाही. नंतर नळी कलती करायची. चांगलं रक्त असेल तर गोठून गच्च बसलेलं असतं. खालच्या वाडीतल्या वैनीची नळी मी कलती केली तर रक्त सरळ काठाला आलं, आणि तोवर तिच्या हिरड्यांतूनही यायला लागलं होतं. सापाच्या विषावरची लस लावली, रात्रभर डॉक्टर आणि मी तिच्या उशाशी होतो, सकाळच्या नळीत गोठलं. अजून गवत काढते ती.

म्हणून सांगते, दगड उचलायचा तर आधी काठीने हलवायचा, उचलताना आपल्याकडे कलता करायचा म्हणजे खाली काही असेल तर ते पलीकडे निघतं, गवतात हात घालायचा नाही, रात्री टॉर्चशिवाय बाहेर पडायचं नाही. चावलं तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही, हात-पाय न हलवता गाडीत घालायचं नाहीतर १०८ ला फोन करायचा. साप कुठला ते शोधत बसू नका, लसीत नाग, मण्यार, घोणस, फुरसं चौघांवरचं औषध असतं. बघ, झालं माझं लेक्चर सुरू. सॉरी गं. तुला हे सगळं पाठ असणार.

खरं तर मला तुला सड्याबद्दलच सांगायचं होतं. आबांच्या सातबाऱ्यावर आपला वरचा तुकडा वरकस, म्हणजे हलकी जमीन, म्हणून लावलाय आणि तू म्हणतेस सरकारी नकाशात अशा जमिनी ओसाड म्हणून रंगवतात. त्या ओसाडावर आमची अख्खी गोठाभर गुरं पोसली, गोठा शाकारायला गवत तिथलं, भाजावळीला, पेरणीआधी जमीन भाजायला, गवत तिथलं, आणि पायथ्याच्या पऱ्ह्याला, त्या ओढ्याला, जे पाणी राहतं ते वर जांभ्यात मुरलेल्या पावसाचंच. आता शेजारच्या सड्यावर सुरुंग लावून खड्डे केलेत, बाहेरून माती आणून कलमं लावलीत. त्यांना मी नावं ठेवणार नाही, आपलंही घर आंब्यावरच चाललं. पण आपला तुकडा बाबांनी तसाच ठेवला आणि मला ते बरं वाटतं, कारण तू तिथेच घडलीस.

पहिल्या पावसानंतर ती पांढरी फुलं यायची, तू आता दिपकाडी म्हणतेस, आम्हाला कुठे नाव माहिती होतं. मला आठवतं ते वेगळंच. तू चिखलात पालथी पडून एका पानाकडे बघत होतीस, कितीही हाका मारल्या तरी उठेना म्हणून मी चिडून आले आणि वाकले. बोटापेक्षा बारीक पान, त्यावर लाल केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब आणि त्यात एक चिलट पाय झाडतंय. तू म्हणालीस, आई ते पान वळतंय बघ. माती इतकी थोडी की झाडाला किडे खाऊन जगावं लागतं हे मला माझ्या पोरीने नंतर शिकवलं. परवा शाळेतल्या बाई म्हणाल्या गवत काय मोजायचं असतं, तर मी त्यांना चौकट कशी टाकता, आतली एकेक जात कशी लिहिता ते सगळं सांगितलं, चहा गार होईपर्यंत. त्या पानाकडे बघत पडली होतीस तेव्हा पायात काय घातलं होतंस ते मात्र आठवत नाही, बहुतेक काहीच नाही, आणि आता ते आठवून घाबरायला होतं.

देवाचे गोठणेला जाल तर तिथल्या कातळशिल्पाजवळ, कातळावर कोरलेल्या त्या जुन्या चित्राजवळ, होकायंत्र चुकतं म्हणतात, तेव्हा धुक्यात मोबाईलच्या दिशेवर जाऊ नका, गावातला माणूस बरोबर घ्या. कशेळीचा कातळात कोरलेला हत्ती बघितलास तर आक्काला फोटो पाठव, कोकणातली कातळशिल्पं २०२२ ला युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली तेव्हापासून ती विचारतेय. विजा कडकडल्या की मोकळ्या सड्यावर थांबू नका.

जेवण वेळेवर घे. रोज फोन नको, ठीक आहे, पण सड्यावरून खाली उतरलात की एक मेसेज टाक, "उतरले" एवढंच. आणि तुम्ही राहताय तिथून लस असलेला जवळचा दवाखाना कुठला ते आजच विचारून ठेव, रात्री डॉक्टर असतात का तेही. दवाखान्याचा नंबर तुमच्या ड्रायव्हरलाही दे आणि ड्रायव्हरचा मला पाठव.

तुझी,
आई