कढीपत्त्यावरच्या अळ्या मारू नका

संपादक साहेब, नमस्कार. मी लातूरचा, घरामागं छोटी बाग आहे, दर रविवारी गल्लीतली पोरं अन् त्यांचे आई-बाप बघायला येतात, येणारा प्रत्येकजण आधी हेच विचारतो की कढीपत्त्याला अळ्या लागल्यात, फवारा का मारत नाही? अहो त्या फुलपाखराच्या अळ्या आहेत! लहान असताना हुबेहूब चिमणीच्या विष्ठेसारख्या दिसतात म्हणून पक्षी फसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. लिंबावर पण त्याच. थोडी पानं खाऊ द्या, झाड परत फुटतं.

कंपाउंडजवळ आलेली रुई पण मी फुलपाखरांसाठी मुद्दाम ठेवली (आमच्या हिचा लई विरोध होता, चीक डोळ्यात गेला तर म्हणून, ते पण खरंच आहे, पोरांना लांबूनच दाखवतो). २०१६ ला आपल्याकडं रेल्वेनं पाणी आलं होतं, म्हणून लॉन वगैरे नाहीच, फक्त मातीची उथळ परात आणि त्यात दोन-चार दगड, मधमाशा बुडू नयेत म्हणून. पाणी मात्र रोज बदलतो, नाहीतर डास होतात. बुलबुल, साळुंक्या येतात, जास्वंदीवर शिंजीर.

कुणाला बघायचं असेल तर सकाळी आठच्या आत या, ऊन चढलं की पक्षी सावलीला जातात.

– एक वाचक, लातूर