हवा मर्यादेत, तरीही कोळसा तापतो

संपादक महोदय,

सन २०३० पर्यंत भूमिगत खाणींतून वर्षाला १० कोटी टन कोळसा काढण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने ठेवले असून, त्यासाठी बंद पडलेल्या काही खाणी महसूल वाटणीच्या तत्त्वावर खासगी कंपन्यांकडे सोपवल्या जात आहेत. वर्धा खोऱ्यातील खाणींत ओव्हरमन, म्हणजे पाळीवरचा देखरेख अधिकारी, म्हणून काम केलेला माणूस या नात्याने माझा या धोरणाला विरोध नाही. मात्र या जुन्या खाणींत आगीची चाहूल कशी घेतली जाणार, हे करारात स्पष्ट लिहिलेले असावे, असे मला कळकळीने वाटते.

अशा खाणीत आग लागायला ठिणगीच पडावी लागते असे नाही. छताला आधार देणारे कोळशाचे खांब काढून सोडून दिलेल्या भागात, ज्याला आम्ही गोफ म्हणतो, उरलेला चुरा हवेतील ऑक्सिजन शोषून आपोआप तापू लागतो आणि धूर दिसण्याच्या कितीतरी आधी कार्बन मोनॉक्साइड सोडतो. या वायूला ना रंग, ना वास. राणीगंज पट्ट्यातील न्यू केंदा खाणीत २५ जानेवारी १९९४ रोजी आग लागली, तेव्हा ५५ कामगार विषारी वायूने गुदमरून गेले.

वायू मोजणाऱ्या हातातल्या यंत्रावर सगळे आकडे मर्यादेत दिसत असतानाही कोळसा तापत असू शकतो. ऑक्सिजन १९ टक्क्यांखाली जाऊ नये आणि कार्बन मोनॉक्साइड दहा लाख भागांत ५० च्या वर नसावा, अशी मर्यादा धरली जाते. समजा, खाणीत फिरून बाहेर परतणाऱ्या हवेत ऑक्सिजन २०.९ वरून २०.५ टक्क्यांवर आला आहे आणि कार्बन मोनॉक्साइड ४० भाग आहे. दोन्ही आकडे निर्धोक वाटतात. परंतु जितका ऑक्सिजन कमी झाला त्याच्या तुलनेत किती कार्बन मोनॉक्साइड तयार झाला, याचे प्रमाण येथे (०.४ टक्क्याला ०.००४ टक्के) १ टक्का भरते. यालाच ग्रॅहम गुणोत्तर म्हणतात आणि ते १ च्या पुढे सरकले की कोळसा तापतो आहे हे जवळपास निश्चित मानतात. पंख्याचा वेग वाढवला की वायूचा आकडा उतरतो आणि सगळ्यांना हायसे वाटते, पण हे गुणोत्तर तसे फसत नाही, कारण ताज्या हवेने दोन्ही आकडे सारखेच विरळ होतात.

एका खाणीत आमच्या सरदाराने, म्हणजे कामगारांच्या तुकडीवरच्या प्रमुखाने, गोफजवळ घासलेटासारखा वास येतो आणि छताला घाम सुटला आहे, असे सांगितले होते. यंत्रावरील आकडे ठीक असल्याचे कारण देऊन त्याला परत कामावर पाठवले गेले. पुढे तो संपूर्ण भाग भिंती घालून बंद करावा लागला. त्या सरदाराचे नाक बरोबर होते.

ऑक्सिजनमधील एवढा लहान फरक हातातल्या यंत्राने भरवशाने मोजता येत नाही. म्हणून बंद केलेल्या प्रत्येक भिंतीमागची हवा नळीवाटे वर आणून प्रयोगशाळेत तपासली जावी. बाहेरचा वायुदाब घसरला की गोफमधली हवा फटींतून बाहेर येते, म्हणून दाबाची नोंदही त्याच तक्त्यात असावी. एखाद्या दिवसाच्या आकड्यापेक्षा आठवडाभराचा चढ अधिक बोलका असतो. हा खर्च करारात स्वतंत्र धरला नाही, तर कंत्राटदार पहिली काटछाट तिथेच करेल, अशी मला भीती आहे.

हा तक्ता हजेरीच्या जागी रोज मराठीत आणि हिंदीत लावण्याची अट खाण सुरक्षा महासंचालनालयाने घालावी, आणि कमरेचा सेल्फ रेस्क्यूअर (विषारी वायूपासून वाचवणारे श्वसनाचे साधन) अंधारात चढवण्याचा सराव कंत्राटी कामगारालाही पहिल्या पाळीपूर्वीच द्यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त ओव्हरमन, चंद्रपूर