मंत्रीमहोदय, पत्र्यावरचे दगड काढायचे तर हुक द्या

मा. मदत व पुनर्वसन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

परवा पहाटे जमिनीतून पुन्हा गडगड आवाज आला, मांडणीवरची भांडी वाजली आणि पत्र्यावरचा दगड घसरून आईच्या खांद्यावर पडला. हाड मोडलं. आई ओसरीबाहेर निजली होती, कारण भूकंपाच्या मागच्या धक्क्यानंतर गावात आलेल्या साहेबांनीच सांगितलं होतं, घरात झोपू नका.

पत्र्यावरचे दगड काढा, असंही ते सांगून गेले. सल्ला बरोबर आहे. पण आम्ही दगड हौसेनं ठेवलेले नाहीत. पत्रे वाशांवर नुसते टेकलेत. दगड काढला की अवकाळीच्या वाऱ्यात पत्रा उडतो आणि उडालेला पत्रा माणूस कापतो. तोच पत्रा हुक-नटानं लोखंडी पाईपला आवळला तर दगड लागतच नाही. हुक-पाईप देतो म्हणून साहेबांनी यादी केली, सह्या-अंगठे घेतले. पुढं काही नाही. कचेरीत विचारलं तर म्हणतात, अशा कामाला हेडच नाही, म्हणजे सरकारी हिशेबात पैशाचं खातंच नाही.

मेलेल्या माणसासाठी हेड आहे. चार लाख. जिवंत आईच्या डोक्यावरचा पत्रा आवळायला नाही!

हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च २०२४ ला सकाळी काही मिनिटांत दोन धक्के बसले, पहिला ४.५ चा. जुलैत पुन्हा ४.५. पांगरा शिंदेकडचे लोक तर कित्येक वर्षं जमिनीचा आवाज ऐकतात. आम्हाला पत्रक मिळालं: धक्का बसला की टेबलाखाली शिरा. साहेब, आमच्या घरात टेबल नाही. दगड-मातीची भिंत आहे, दीड-दोन हात रुंद, आतून पोकळ झालेली.

अशाच भिंतींनी किल्लारीला माणसं मारली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६. आदल्या दिवशी गणपती बोळवून दमलेली माणसं निजली ती उठलीच नाहीत. आठ-दहा हजार जीव गेले. आणि तेव्हा सरकारी नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याचा होता! नकाशा नंतर बदलला, माझ्या गावच्या भिंती त्याच आहेत.

२००४ च्या त्सुनामीनंतर हैदराबादेत इशारा केंद्र उभं राहिलं, २००७ मध्ये. चांगलं झालं. समुद्रात भूकंप झाला तर लाट येईपर्यंत किनाऱ्यावरच्या माणसाला उंचावर पळायला वेळ मिळू शकतो. आमच्या पायाखालीच हादरा बसतो, आम्हाला तो वेळ नाही. आमचा बचाव आधीच व्हायला हवा, भिंतीत आणि छपरात.

पण आधी काही करायचं ही सवयच या राज्यकारभाराला नाही. दुष्काळात टँकर, पुरात पंचनामा, भूकंपात तंबू. मराठवाड्याचं विकास मंडळ २०२० ला मुदत संपून गेलं, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. मतं मागताना मात्र आमची गावं बरोबर सापडतात.

पावसाळ्याआधी पत्र्यांना हुक आणि पाईप द्या. भिंतींत आरपार लांब दगड आणि दारावरून चौफेर सिमेंटचा पट्टा घालायला गवंड्यांना शिकवा, खर्च सरकारनं करावा. शाळेच्या वर्गाला पडलेली भेग इंजिनिअर पाठवून तपासा, पोरं तिच्याखाली बसतात. धक्क्यानंतर मेन स्विच बंद करायचा, गॅस बघायचा, लगेच आत जायचं नाही, हे गावसभेत माणूस येऊन सांगू दे. आणि ती सह्या-अंगठ्यांची यादी कुठं आहे, ते लेखी कळवा.

आपला,
हिंगोली जिल्ह्यातील एक शेतकरी