हाड मोडण्याआधी बघा

माजी सैनिकांचे पडणे रोखण्यासाठी आरोग्यसेवेत स्वतंत्र कार्यालय स्थापण्याचे विधेयक अमेरिकी संसदेत आल्याची बातमी वाचली. ‘पडण्यासाठी कसला कायदा?’ असे म्हणून काहींनी ती हसण्यावारी नेली असेल. मी नाही नेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे दगावतात, त्यांत वृद्ध सर्वाधिक.

माझे वडील निवृत्त हवालदार. ऐन श्रावणात दूध आणायला निघाले आणि जांभ्याच्या पाखाडीवरून, तिसऱ्याच पायरीवर, शेवाळावरून घसरले. खुबा मोडला. (काठी दाराआड होती, फौजी माणूस काठी घेईल तर शपथ!) २००३ पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. शस्त्रक्रियेला तिचाच आधार झाला, हे कृतज्ञतेने सांगतो. पण रक्तदाबाच्या गोळीने उठताना भोवळ येते का, न्हाणीत धरायला दांडी आहे का, हे त्याआधी आम्हाला कोणी विचारले नव्हते.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरटी फौजी असलेल्या वाड्या आहेत. मुले मुंबईला, घरात दोन म्हातारी माणसे. आपल्याकडे नवा कायदा नको. दर वर्षी मृगाआधी आशाताई आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने मिळून अशा घरांची एक फेरी मारावी, आणि ग्रामपंचायतीने पाखाडीला कठडा बसवून शेवाळ खरवडून घ्यावे.

– एक वाचक, गुहागर